बोर्डावरचं 'सावकाश'

एप्रिलमधल्या अप्रेझलला साहेबांनी लॅपटॉपवर एक फोटो उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पॅन्ट्रीबाहेरचा बोर्ड, त्यावर रंगीबेरंगी चिठ्ठ्या आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात 'सावकाश'. "मॅम, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग टीएटी वाढलेला बघून मी दुसरं काय समजायचं?" साहेब माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. बोलताना छान हसत होते. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी आरोग्य विम्याच्या क्लेममध्ये काम करते. कॅशलेस नव्हे, परतफेडीच्या फाइली. म्हणजे माणूस आधी पदरचे पैसे घालून हॉस्पिटलचं बिल भरतो आणि मग कागदांचा गठ्ठा आमच्याकडे पाठवतो. फाइल आल्यापासून निकाली निघेपर्यंतचा वेळ म्हणजे टीएटी. आमच्या मजल्यावर गणपती वर्षातून एकदा बसतो, टीएटी रोज.

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एचआरनं एक ट्रेनर आणला. त्याचं म्हणणं, संकल्प करूच नका, ते मोडतात. त्याऐवजी वर्षाचं एक सूत्र ठरवा. 'रोज जिमला जाईन' हे संक्रांतीपर्यंत मोडतं, पण 'आरोग्य' हे सूत्र मोडूच शकत नाही, आज नाही जमलं तर उद्या तिथूनच पुढे. मला हे मनापासून पटलं. मी संकल्पांना विटलेली बाई आहे. सकाळी लवकर उठणं, साखर सोडणं, डायरी लिहिणं, सगळं करून झालंय. त्यामुळे बाकीचे 'ग्रोथ', 'फोकस', 'धडाका' वगैरे लिहीत होते तेव्हा मी खरोखर विचार केला आणि 'सावकाश' लिहिलं.

मला म्हणायचं होतं ते इतकंच की फाइल नाकारण्याआधी सगळे कागद वाचायचे. कामचुकारपणा नव्हे. वरचे चार कागद बघून शेरा मारायची सवय आमच्यात सगळ्यांनाच लागते. नेमकी फेब्रुवारीत तशीच एक फाइल आली. इंदापूरकडचे गृहस्थ, पायाच्या जखमेत पू झालेला, शस्त्रक्रिया, बिल एक लाख ऐंशी हजारांच्या वर. पॉलिसी दोन वर्षांची. टाइप केलेल्या डिस्चार्ज कार्डावर मधुमेह दहा वर्षांपासून. म्हणजे पॉलिसी घेताना आजार लपवला. ज्युनिअर मुलानं नाकारण्याचा शेरा लिहून फाइल समितीकडे पाठवायची तयारी केली होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कार्डावर तसंच छापलेलं होतं.

मी खालचे कागद उलटत गेले. अ‍ॅडमिशनच्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरनं हातानं लिहिलेला पहिला कागद होता. तिथे मधुमेहापुढे '10/12' असं होतं. डॉक्टर महिने लिहिताना खाली 12 लिहितात, म्हणजे बारातले दहा, म्हणजे दहा महिने. टाइप करणाऱ्यानं त्याची दहा वर्षं केली होती. एवढ्यावर भागत नाही, म्हणून मी त्यांच्या गावच्या डॉक्टरांचे जुने कागद मागवले. साखर पहिल्यांदा वाढलेली दिसली तो रिपोर्ट पॉलिसीनंतरचाच निघाला. क्लेम मंजूर झाला. पण कागद मागवून, वाट बघून त्या एका फाइलीचा टीएटी आमच्या तक्त्यात लालभडक झाला.

अप्रेझलमध्ये मी हे सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "ग्रेट, पण ही एक फाइल झाली. अ‍ॅव्हरेज बघा ना." मग पुन्हा तो फोटो. माझी चिठ्ठी मोठी करून. मला नक्की कशाचा राग आला, तर ह्याचा. टीएटी वाढला म्हणून कमी गुण दिले असते तर मी भांडले असते आणि विसरले असते. त्यांनी मला हौसेनं लिहायला लावलं, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला आणि तोच फोटो पुराव्यासारखा माझ्यापुढे ठेवला. चौकशीत कबुलीजबाब ठेवतात तसा. पाचपैकी तीन गुण. ज्यानं 'धडाका' लिहिलं होतं तो मार्चमध्येच राजीनामा देऊन गेला, त्याच्या चिठ्ठीचं कुणी काही केलं नाही.

घरी आल्यावर ट्रेनरनं दाखवलेल्या आकड्यांचं मूळ शोधत बसले. अमेरिकेत स्क्रँटन विद्यापीठाच्या जॉन नॉरक्रॉस यांनी ऐंशीच्या दशकात नववर्षाचे संकल्प केलेल्या दोनशे जणांचा पाठपुरावा केला होता. आठवड्यानंतर 77 टक्के टिकून होते, दोन वर्षांनी 19 टक्के. ट्रेनर म्हणाला तसे संकल्प काही सरसकट मोडत नाहीत की! शंभरातले एकोणीस दोन वर्षं टिकले, हे मला तरी पुष्कळ वाटलं.

आणि मग आई आठवली. दर आषाढी एकादशीला ती एक नेम धरायची, कार्तिकीला सोडायची. एका चातुर्मासात कांदा-लसूण बंद, एकदा वांगं बंद, एकदा जेवताना मौन. मौनाच्या वर्षी आम्ही मुलांनी तिला बोलतं करायला काय काय केलं! ती भुवयांनी रागवायची, पण तोंड उघडलं नाही. तिचा नेम अगदी नेमका असायचा, त्याला शेवट असायचा, उद्यापन असायचं आणि सासूबाई सोडून तो कुणाला सांगायची तिला गरज पडली नाही. सूत्र मोडत नाही हे जानेवारीत मला त्याचं मोठेपण वाटलं होतं. आता वाटतं, जे मोडत नाही ते कुणीही हवं तसं वाकवतो. 'नाकारण्याआधी शेवटचा कागद वाचेन' असं लिहिलं असतं तर साहेब काय मोठं करून दाखवणार होते?

अर्थात, सावकाश वाचायचं हे मी कॅशलेसवाल्यांसमोर बोलत नाही. विमा नियामकानं मे 2024 च्या परिपत्रकात कॅशलेस मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास अशी मुदत घातली, ते योग्यच केलं. पेशंट कपडे बदलून बसलेला, मुलगा काउंटरवर ताटकळत उभा आणि इकडे कुणी 'सावकाश' म्हणत बसलं तर मीच आधी आरडाओरडा करीन. माझ्या नणंदेच्या वेळी केलाही होता.

तरीही त्या तीन गुणांबद्दल मी एचआरला पत्र लिहिलं. चांगलं दीड पानी, फाइलीचा तपशील, 10/12 चा खुलासा, आणि शेवटी विनंती की अ‍ॅक्टिव्हिटीत लिहिलेलं मूल्यमापनात वापरू नये, आणि वापरणार असाल तर आधी सांगावं, म्हणजे आम्ही सगळे 'धडाका' लिहू. दोन रात्री खपून लिहिलं होतं. पाठवून खुर्चीत मागे टेकते न टेकते तोच उत्तर आलं. 'नोटेड.' टीएटी उत्तम.