बीजिंगमधील एक दिवस आणि रेशमाचा धागा

मे महिन्याच्या सुटीत पंढरपूर तालुक्यातील करकंबचे एक कापड-व्यापारी कुटुंब चीनच्या सहलीस गेले होते. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू असा परिवार. सहलीबरोबर जैन स्वयंपाकी होता. तरीही आजींनी ज्वारीच्या कडक भाकरी आणि लसणाविना केलेली शेंगाचटणी बांधून घेतलीच होती. त्यांना चिंता होती ती पाण्याची. पण चिनी लोक गरम पाणीच पिणे पसंत करतात, त्यामुळे उकळलेले पाणी जागोजागी सहज मिळाले.

त्या दिवशी सकाळी बस बडालिंगकडे निघाली. सोलापूरचे नाव कानी पडताच चिनी मार्गदर्शक तरुणीने आदराने ‘के दिहुआ’ असा उच्चार केला. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये आलेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे हे चिनी नाव. परमुलखात आपल्या जिल्ह्याची अशी ओळख पटल्याने सर्वांना धन्यता वाटली.

बडालिंगची भिंत मिंग राजवटीतील. डोंगराच्या कण्यावरून ती वळणे घेत दृष्टिआड होते. काही ठिकाणी चढण इतकी उभी, की कठड्याचा आधार घ्यावा लागतो. आजी पहिल्याच बुरुजापाशी बसल्या. नातू मात्र तिसऱ्यापर्यंत धावत गेला.

दुपारी कार्यक्रमानुसार रेशीम केंद्राची भेट होती. चहाच्या पेल्यात पडलेल्या कोशाचा धागा सुटत गेला आणि राणी लेइझूला रेशमाचा शोध लागला, ही आख्यायिका मार्गदर्शक तरुणीने रंगवून सांगितली. एका कोशातून सुमारे हजार मीटर सलग धागा निघतो, हे ऐकून आजोबांची व्यापारी दृष्टी जागी झाली. पुढे गरम पाण्यात तरंगणारे पांढरे कोश होते. जोडकोशांचा धागा नीट उलगडत नाही, म्हणून ते ताणून त्यांच्या रजया करतात. एक जोडकोश कापून दाखवताच आतले दोन मृत जीव सर्वांना दिसले.

आजी मुकाट्याने बाहेर जाऊन बसल्या. नातवाने विचारले, ‘‘आजोबा, आपल्या दुकानातले शालूही असेच होतात का?’’

आजोबांना चटकन उत्तर देता आले नाही. पतंग बाहेर पडला की कोश फुटतो आणि सलग धागा तुटतो. म्हणून जीव आत असतानाच कोशाला उष्णता देतात. एका साडीसाठी असे हजारो कोश लागतात. हे केवळ चीनचे नव्हे. महाराष्ट्रातही तुतीची लागवड होते आणि जालन्यास कोशांची बाजारपेठ आहे. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ काढले. परंतु त्याचे सूत कातावे लागते आणि ते महाग पडते.

मे महिन्यात बीजिंगला सूर्य सायंकाळी सात वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे सर्वांचे भोजन दिवसाउजेडी आटोपले. मग आजोबांनीच विषय काढला. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, असे ते आजवर सांगत आले होते. ‘‘पण धान्य दळताना चुकून जीव जाणे वेगळे,’’ ते म्हणाले, ‘‘आणि जीव घेतल्यावाचून जे होतच नाही, ते विकणे वेगळे.’’

‘‘लग्नसराईचा माल तर सांगून ठेवलाय,’’ मुलगा हळूच म्हणाला.

‘‘दिलेला शब्द पाळू. मात्र पूजेसाठी सोवळे मागायला जो येईल, त्याला आधी हे सांगायचे आणि सुती वस्त्र पुढे ठेवायचे. तोटा झाला तर सोसू.’’

आजींनी सामानातील आपले रेशमी सोवळे घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवले. दुसऱ्या दिवशीच्या जपासाठी सुनेची सुती साडी त्यांनी मागून घेतली.