एका दाण्याची उडी

पिसू स्वतःच्या उंचीच्या शंभर पट उडते, म्हणजे तिची ताकद माणसात असती तर माणूस इमारती ओलांडत सुटला असता, हे शाळेपासून ऐकत आलोय. हे गणित साफ चूक आहे. ते का चूक आहे, हा प्रश्न आमच्या कारंज्यात सोयाबीनच्या धुऱ्यावर पैशाचा होऊन बसतो.

कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य 2000 सालचं, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. त्याची हद्द कागदावर आहे, काळविटांना ती कुणी दाखवलेली नाही. कोवळं सोयाबीन वर आलं की कळप शेतात येतात. शिवाय रोही आहेतच, ज्यांना पुस्तकात नीलगाय म्हणतात. काका दर हंगामात जागलीला जातात. यंदा त्यांनी तारेच्या कुंपणाचा हिशोब मांडला आणि मला फोन केला. "बाबू, तू इंजिनेर हायेस ना? मंग सांग, तार कितीक उंच पायजे?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचा होता, म्हणून कागद घेऊन बसलो.

उडीची ऊर्जा स्नायूंतून येते. जनावर आठपट जड असेल तर स्नायूही साधारण आठपट, ऊर्जा आठपट. पण उचलायचं वजनही आठपटच. भागाकारात वस्तुमान कटतं आणि उरते फक्त उंची, लहानमोठ्या सगळ्यांना जवळपास सारखीच. इटलीच्या बोरेलीने प्राण्यांच्या हालचालींवरच्या ग्रंथात हे 1680च्या सुमारास मांडलं होतं. पिसू शंभर पट उडते खरी, पण म्हणजे वीतभर. तिथेही हवेचा अडथळा तिला नडतो.

आता काळवीट साधारण 35 किलोचं, रोही 200 किलोच्या पुढचा. दोघांनीही आपला गुरुत्वमध्य मीटरभर उचलला असं ढोबळ धरू. त्यासाठी जमीन सोडताना वरच्या दिशेने सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेग लागतो. मग जनावर जवळपास एक सेकंद हवेत असतं, आणि ताशी 40 किलोमीटरने पळत असेल तर तेवढ्यात दहा मीटर पुढे जातं. फरक पडतो तो सुरुवातीच्या उंचीचा. रोह्याचा गुरुत्वमध्य उभ्या उभ्याच कमरेच्या वर असतो, काळविटाचा मांडीपाशी. म्हणून तीच मीटरभर उचल रोह्याला जास्त उंच तारेपार नेते.

ऊर्जेचा आकडा मात्र मी दोनदा तपासला. काळविटाच्या अशा एका उडीला साडेतीनशे ज्यूलच्या आत काम लागतं. सोयाबीनच्या एका दाण्यात दोन हजारांवर ज्यूल असतात. पचनात आणि स्नायूंत बरंचसं वाया गेलं तरी एका दाण्यात एक उडी निघते. लांडग्याची चाहूल लागली की कळपातली एक मादी हवेत उसळते आणि मग सगळा कळप, चारही पाय एकदम उचलून. समोर ओलांडायला काहीच नसतं. ते पाहताना आता माझ्या डोळ्यांसमोर काकांचे दाणे येतात.

काकांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "रोह्याचं बरोबर हाय तुह्यं. पण हरीण काहून उडीन? ते तर तारेच्या खालून घुसते."

खरंच आहे ते. माळावर एवढं उसळणारं काळवीट कुंपण दिसलं की बहुतेक वेळा मान खाली घालून तारेखालून सरकतं. दाणा स्वस्त असला तरी सरकणं त्याहून स्वस्त, आणि तारेपलीकडे पाय कशावर पडेल याचा भरवसा नसतो. म्हणजे कुंपणाला दोन हिशोब लागतात, रोह्यासाठी वरचा आणि काळविटासाठी खालचा. दोन्ही करायचे तर तार दीडपट लागते.

काकांचा पैसा एकाच हिशोबाला पुरणारा होता. कळप मोठे येतात ते काळविटांचे, म्हणून त्यांनी खालच्या तारा दाट घेतल्या आणि वरची उंची छातीएवढीच ठेवली. रोह्यांसाठी जागल चालू आहे.