तुमचा स्कोअर किती?

अप्रेजलचा महिना आला की आपलं सगळ्यांचं बीपी वाढतं. वर्षभराची मरमर एका आकड्यात कशी बसवायची? पण त्या आकड्यावर फार तर इन्क्रिमेंट ठरतं. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये अशाच एका आकड्यावर आयसीयूचा बेड ठरायची वेळ आली होती.

कोविडची लाट येत होती. सरकारी आरोग्यसेवेला उपचारांचे नियम घालून देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २० मार्चला डॉक्टरांना सांगितलं, पेशंट किती खंगलाय ते १ ते ९ च्या पट्टीवर मोजा. ५ किंवा त्याहून जास्त आला, तर आयसीयूचा उपयोग होईल का याचा विचार करा.

पट्टी तशी वाईट नव्हती, पण ती होती म्हाताऱ्या माणसांसाठी. ती बघते काय, तर आंघोळीला, कपडे घालायला, पैशांच्या हिशेबाला तुम्हाला दुसरं कुणी लागतं का. ऐंशीच्या आजोबांना ही मदत नव्यानं लागायला लागली, तर शरीर थकतंय हे खरं. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या पंचविशीतल्या पोराला ती लहानपणापासूनच लागत असू शकते! पोरगा ठणठणीत आणि स्कोअर मात्र सहा-सात.

(तिथे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे ‘तारे जमीं पर’मधला डिस्लेक्सिया नव्हे. आपण जिला बौद्धिक अक्षमता म्हणतो, ती.)

ओरड झाली आणि पाच दिवसांत, २५ मार्चला, दुरुस्ती आली. अशा लोकांना ही पट्टी लावू नका म्हणून. पण त्याच सुमारास काही फॅमिली डॉक्टरांची पत्रं केअर होममध्ये पोचली होती. हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न नको, असं ठरवून टाकूया का, अशा अर्थाची. एप्रिलच्या सुरुवातीला आरोग्यसेवेला पत्रक काढून सांगावं लागलं, बौद्धिक अक्षमता हे त्यासाठी कारण होऊच शकत नाही.

मी ‘डीएनआर’च्या विरोधात नाही. सीपीआर सिनेमात दिसतो तसा नसतो. बरगड्या मोडतात आणि खूप खंगलेला माणूस त्यातून क्वचितच वाचतो. नव्वदीत मीही कदाचित तो कागद मागेन. पण मी मागेन, किंवा निदान मला कुणी विचारेल! मार्च २०२१ मध्ये तिथल्या केअर क्वालिटी कमिशनच्या अहवालात आकडा आला. कोविडच्या काळात असे ५०८ निर्णय त्या माणसाशी, नातेवाइकांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी न बोलताच झाले होते. त्यातले सगळेच बौद्धिक अक्षम नव्हते, तरीही...

आणि ज्यांना सर्वांत जास्त जपायचं, ते हेच होते. पहिल्या लाटेत १८ ते ३४ वयोगटातल्या बौद्धिक अक्षम मुलामुलींचा कोविड मृत्युदर त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा ३० पट होता.

खापर एकट्या कोविडवर फोडू नका. २०११ मध्ये केंटमधल्या एका हॉस्पिटलनं डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या फॉर्मवर सीपीआर न देण्याची कारणं लिहिली होती. त्यात ‘डाऊन सिंड्रोम’ होतं, ‘लर्निंग डिफिकल्टीज’ही होतं. घरच्यांना पत्ताच नव्हता. तो केअर होमला परतला, सांभाळणाऱ्या बाईंनी त्याची बॅग उपसली, तेव्हा तो कागद हाती लागला. हॉस्पिटलनं माफी मागितली, २०१५ मध्ये. तोवर तो गेला होता, वेगळ्याच कारणानं.