टावर चौकातला सोन्या

घरची गाय आजारी पडली तर जनावरांचा डॉक्टर मिळतो. कुत्र्याला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसेही आता आपल्या गावांतून सर्रास दिसतात. पण काचेच्या पेटीतला मासा आजारी पडला तर? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो खरा. मासा म्हणजे दिवाणखान्याची शोभा, गेला तर दुसरा आणायचा, असा साधारण हिशेब असतो. गेल्या मे महिन्यात उज्जैनला आत्याच्या घरी मात्र हा हिशेब काही केल्या जुळेना.

आत्या लग्न होऊन उज्जैनला गेली त्याला पन्नासच्या वर वर्षे झाली. शिंद्यांच्या राज्यापासून तिकडे मराठी घरे आहेत. आपल्या मराठीत कन्नड डोकावते, तशी त्यांच्या मराठीत हिंदी. रेल्वेपुलापलीकडे फ्रीगंज आणि तिथे मधोमध घड्याळाचा टावर. त्या टावर चौकाजवळच आत्याचे दुसऱ्या मजल्यावरचे घर. संध्याकाळी खाली हातगाड्यांची गर्दी उसळते आणि वर शांत घरात पाण्याच्या पेटीतला पंप तेवढा गुरगुरत असतो.

त्या पेटीत सोन्या होता. आठ वर्षांपूर्वी काकांनी आणलेला सोनेरी मासा, गोल्डफिश. तेव्हा बोटाएवढा होता, आता चांगला वीतभर झालेला. काका दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा परदेशी. आत्या सकाळी पूजा आटोपली की सोन्याला चार दाणे घालायची आणि म्हणायची, "खा रे बाबा. माझ्या आधी उठणारं या घरात आता तूच."

आम्ही गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सोन्याने दाणे तोंडात घेऊन परत टाकले. पोट फुगले होते. खवले अंगाला चिकटून न राहता अननसाच्या सालीसारखे उभे राहिले होते. शेजाऱ्यांनी सांगितले, सगळे पाणी बदला. एका दुकानदाराने आजार न विचारताच पिवळ्या औषधाची बाटली दिली. मी मराठी शिकवते, माशांतले मला काय कळणार! पण पीयूसीला माझ्या वर्गात असलेली एक मुलगी पुढे मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. देशातले हे पहिले मत्स्य महाविद्यालय, 1969 सालचे. तिला फोन लावला, माशाचे व्हिडिओ पाठवले.

ती म्हणाली, "मॅडम, आधी औषध नको. आधी पाणी."

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याची घाण पडते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. पेटीतल्या गाळणीवर वाढलेले उपयोगी जंतू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. सगळे पाणी एकदम बदलले आणि गाळणी नळाखाली खसाखसा धुतली की हे जंतूही जातात, शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतो. म्हणून पाव हिस्सा पाणी बदलायचे आणि तेही क्लोरीन घालवलेले. त्यात उज्जैनचा मे महिना. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंप बंद ठेवायचा नाही.

सोन्याच्या दुखण्याला इंग्रजीत ड्रॉप्सी म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. मूत्रपिंड थकले की अंगात पाणी साठते आणि ते खवल्यांना बाहेर ढकलते. मागे जंतूंचा संसर्ग असेल, वय असेल, आणखीही काही असेल. तिने वेगळ्या टबात ठेवायला सांगितले, त्यात मोजून एप्सम मीठ घालायला सांगितले. अंदाजाने प्रतिजैविके द्यायला मात्र साफ मनाई केली. आणि शेवटी म्हणाली, "खवले सगळीकडे उभे राहिलेत. यातून फार थोडे मासे वाचतात. चार दिवस बघा."

ते चार दिवस माझ्या दहा वर्षांच्या लेकीने वहीत लिहून काढले. किती वाजता हलला, दाणा घेतला की नाही, कल्ले मिनिटाला किती वेळा उघडले. दुसऱ्या दिवशी तो थोडा पोहला, तेव्हा आत्याने साखर वाटली. तिसऱ्या दिवशी तो एका कुशीवर कलंडला. लेक शाळेतल्या मैत्रिणींशी बोलते तशी एकदम कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, अदक्क नोवागतैतेनु?" त्याला दुखतंय का?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांनीही पुष्कळ वाद घातला आहे. 2003 साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले. माशांच्या डोक्यात वेदनेची जाणीव घेणारे मज्जातंतू सापडले. आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले आणि बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण लेकीला "नाही गं, माशाला काही कळत नाही" असे सांगायला माझी जीभ रेटेना. 2014 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका डॉक्टरांनी जॉर्ज नावाच्या गोल्डफिशला भूल देऊन त्याच्या डोक्यावरची गाठ काढली होती, तेही तिला सांगितले. ती म्हणाली, "मग सोन्याची कर ना." पण गाठ कापून काढता येते, थकलेल्या मूत्रपिंडाचे काय कापणार?

चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "त्याला शिप्रेत सोडून येऊ या. मनूनं नाही का, ओंजळीत आलेला मासा आधी घड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडला? गंगेला मिळू दे."

मला उत्तर सुचेना. शतपथ ब्राह्मणातली ती कथा मी दरवर्षी वर्गात सांगते. पण मनूचा मासा धडधाकट होता आणि दिवसागणिक वाढत होता. पेटीत जन्म काढलेला आजारी मासा नदीत सोडणे म्हणजे त्याला उघड्यावर मरायला सोडणे, आणि वर नदीतल्या माशांना त्याचा रोग देणे. धडधाकट असता तरी तो तिथला नव्हे. गोल्डफिशचे मूळ चीनमधले. काच चाटणारा सकरमाउथ मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. लोकांनी हौसेने आणला, पाण्यात सोडला, आणि आज तो आपल्या देशातल्या कितीतरी नद्यातळ्यांत पसरला आहे. हे मी बोलत गेले. आत्या ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "तुझे काका दवाखान्यात गेले, तेव्हा मला बाहेर बसवलं होतं. हाही घरात, माझ्या डोळ्यांपुढे जायला नको, एवढंच."

तेव्हा कुठे मला कळले की प्रश्न शिप्रेचा नव्हता.

संध्याकाळी पुन्हा फोन केला. सुटका करायचीच असेल तर लवंगेचे तेल, असे उत्तर आले. दातदुखीवर वापरतो तेच. आधी कोमट पाण्याच्या बाटलीत खळखळून मिसळायचे, कारण ते एरवी पाण्यात विरघळत नाही. थोडे घातले की मासा झोपतो, मग लिटरला अर्धा मिलिलिटरपर्यंत वाढवायचे. कल्ले थांबल्यावरही निदान दहा मिनिटे काढायचे नाही. आम्ही अर्धा तास थांबलो. पाण्याबाहेर तडफडत ठेवणे, फ्रीजरमध्ये टाकणे किंवा जिवंतपणी संडासात सोडणे, यातले काहीही करायचे नाही.

मी टब बाल्कनीत नेऊ लागले तर आत्या म्हणाली, "इथंच ठेव. या खेपेला मी जवळ बसते." तिने खुर्ची ओढली. सगळ्या घरात लवंगेचा वास पसरला. खाली चौकात हातगाड्यांचा गोंगाट चालूच होता. सोन्याचे कल्ले हळूहळू मंदावले. आत्याने एक बोट पाण्यात धरले होते, तिने ते शेवटपर्यंत काढले नाही. सकाळी आम्ही त्याला जास्वंदीच्या मोठ्या कुंडीत पुरले.

आपल्याकडेही आता घरोघरी काचेच्या पेट्या आल्या आहेत. मंगळूरला आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालये आहेत. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत विचारायला माणसे सापडतात. मासा आणायच्या आधी मोठी पेटी घ्यावी. एवढाल्या काचेच्या वाडग्यात गोल्डफिश कसाबसा जगतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे सोबत करतो. आणि नकोसा झाला म्हणून मार्कंडेय, घटप्रभा वा मलप्रभेत त्याला सोडू नये.

आत्याने नवा मासा आणला नाही. रिकाम्या पेटीतला पंप तिने आठवडाभर चालू ठेवला होता, आवाजाची सवय म्हणून. मग खालच्या मजल्यावरच्या मुलाला पेटी देऊन टाकली. देताना एकच अट घातली म्हणे: "पाणी एकदम बदलायचं नाही. आणि अडलं तर वर येऊन मला विचारायचं."