रबरी गुटक्यासमोरचा डाग

गाडीच्या मागून पहिल्यांदा ‘ठक्’ असा आवाज आला तो गणपतीच्या आदल्या दिवशी. मंडळाची पातेली, ताटांची चळत, दोन सतरंज्या आणि मागच्या सीटवर तीन माणसं घेऊन मी मायोर्नातून चालले होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा हा जुना भाग. रस्ते दगडी, मधून ट्रामचे रूळ. रूळ ओलांडला की ठक्. पातेली आपटत असतील म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी फिरवली, तर आवाज नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा सामान भरलं आणि आवाज हजर.

गाडी १९९८ची स्टेशन वॅगन. इथे तिला कोंबी म्हणतात. जुनी माणसं अजून हॅरगोर्ड्सवांग्न म्हणतात, म्हणजे वाड्यावरची गाडी. या शहराचं आणि लांब पाठीच्या गाड्यांचं नातं जुनं आहे. व्होल्व्होची पहिली मोटार १४ एप्रिल १९२७ला याच शहरातल्या हिसिंगेन बेटावरून बाहेर पडली. १९५३मध्ये त्यांनी ‘डुएट’ काढली. आठवडाभर धंद्याला आणि रविवारी घरच्यांना, अशी दोन कामं एकाच गाडीने करायची म्हणून ते नाव. मला अशा गाड्या मनापासून आवडतात. चार घरची माणसं आणि सामान घेऊन जाण्यातच त्यांचं सार्थक आहे, आणि आमची तर नेमकी तिथेच कण्हत होती.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी मागचा भाग दोनदा दाबून पाहिला आणि सांगितलं, शॉकॲब्सॉर्बर गेलेत, दोन्ही बदला. मला ते पटेना. शॉकॲब्सॉर्बर गेले असते तर रिकामी गाडीही खड्ड्यानंतर दोनतीनदा डुलली असती. ते थकले की टायर रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारतो आणि ठिकठिकाणी झिजतो. तळहात फिरवला की रबरावर लाटा लागतात. मी हात फिरवून पाहिला होता. टायर गुळगुळीत होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. सारं आयुष्य त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात काढलं. भरलेली गाडी अंगणात उभी होती तेव्हा ते आले, मागच्या चाकाच्या वर, कमानीत बोटं घालून पाहिली. टायर आणि पत्रा यांच्यात जेमतेम दोन बोटं मावली. म्हणाले, “आधी मोज. कुठलाही पार्ट विकत घ्यायच्या आधी मोज.”

टेप आणला. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, सपाट जागेवर. भरलेली असताना दोन्हीकडे २९ सेंटिमीटर. रिकामी केल्यावर ३७. उजवी-डावी सारखी, म्हणजे एका बाजूची स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता कमी. तुटलेली स्प्रिंग फसवी असते. थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखल खालच्या वाटीत साचतो, शेवटचा वेढा तिथे गंजून तुटतो आणि वरून काही दिसत नाही. पण मग गाडी सहसा एका कुशीवर कलते. आमची सरळ बसली होती, फक्त आठ सेंटिमीटर खाली.

आजोबांनी टॉर्च घेतला, वाकून पाहिलं आणि विचारलं, “इतक्या मोठ्या गाडीला इतक्या बारीक तारेच्या स्प्रिंगा?” मग त्यांनी निव्होमॅट समजावून सांगितला. जास्त वजन वाहणाऱ्या काही वॅगनना मागे हा शॉकॲब्सॉर्बर बसवून येई. चाक वरखाली झालं की त्या हालचालीनेच आतलं तेल पंपासारखं दाबलं जातं आणि बसलेली गाडी आपोआप उचलली जाते. वायर नाही, मोटर नाही. वजनाचा काही भाग तोच पेलतो, म्हणून जोडीची स्प्रिंग मुद्दाम मऊ असते. तो चालतो की नाही हे ओळखणं सोपं आहे. सामान भरायचं, मोजायचं, थोडं अंतर चालवायचं आणि सामान तसंच ठेवून पुन्हा मोजायचं. आम्ही एल्व्ह्सबोरी पुलावरून हिसिंगेनला जाऊन परत आलो. टेपवर पुन्हा २९. गाडी केसभरही उचलली नव्हती.

खरं काय ते लिफ्टवर कळलं. हिसिंगेनवर एक हॉल आहे, तिथे तासाच्या भाड्याने लिफ्ट आणि पाने मिळतात, काम आपण करायचं. या शहराने मला दिलेल्या गोष्टींत हा हॉल मी फार वर धरते. इथे कुणी आपल्या हातातून पाना काढून घेत नाही. चाकं लोंबकळणाऱ्या लिफ्टवर आजोबांनी गाडी चढवू दिली नाही. सांध्यांतले रबरी बुश वजन चाकांवर असतानाच तपासायचे. म्हणून चाकांखाली पाट्या असलेली लिफ्ट घेतली. पहारीने एकेक बुश हलवला. घट्ट. शॉकॲब्सॉर्बर पाहिले तर चांगले, कोरडे, पण अंगाने बारीक. निव्होमॅट चांगला जाडजूड असतो. आधीच्या कुणी मालकाने साधे बसवले होते आणि स्प्रिंगा जुन्याच, मऊ, ठेवल्या होत्या.

मग मला तो डाग दिसला. चाक फार वर आलं तर लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून रबराचा गुटका असतो. त्याच्या समोरचं सगळं लोखंड तांबूस गंजलेलं, आणि मधोमध रुपयाएवढी जागा आरशासारखी चकचकीत. दुसऱ्या बाजूलाही तशीच. मी बोट लावलं. थंड आणि गुळगुळीत. प्रत्येक रुळावर गुटका इथेच आदळत होता. मी मंडळाची पातेली उचलत होते तितका वेळ गाडी हे सोसत होती, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

आता दोनच वाटा. महागडे निव्होमॅट परत बसवायचे, नाहीतर शॉकॲब्सॉर्बर आहेत तेच ठेवून जाड तारेच्या स्प्रिंगा घालायच्या. मी स्प्रिंगा घेतल्या. स्प्रिंग काढायला खालचे जे बोल्ट सैल केले होते ते मी लगेच आवळायला निघाले, तेव्हा आजोबांनी माझा हात धरला. गाडी चाकांवर उभी राहू दे, मग शेवटचा आवळ. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. गाडी खाली घेतली, मी आडवी सरकून खाली गेले आणि चारही बोल्ट आवळले.

गेल्या शनिवारी तीच पातेली, तीच ताटं, मागे तीन माणसं. निघायच्या आधी आजोबा जिना उतरून आले आणि त्यांनी कमानीत हात घातला. चार बोटं आत गेली, वर अंगठाही.