टेम्प्लेटमधून उभी राहणारी यंत्रणा

क्लाउडवर चालणाऱ्या साध्याशा अ‍ॅप्लिकेशनलाही खासगी नेटवर्क, त्यातले सबनेट, रहदारी सोडणारे वा अडवणारे सुरक्षानियम, दोन-तीन व्हर्च्युअल सर्व्हर, डेटा साठवणारी डिस्क आणि सार्वजनिक आयपी पत्ता एवढा सरंजाम लागतो. तो कन्सोलवर हाताने उभारता येतो. पण चाचणीसाठी एकदा आणि प्रत्यक्ष वापरासाठी पुन्हा हुबेहूब उभारायचा झाला, की कुठला तरी पोर्ट उघडा राहतो आणि तो का राहिला याची नोंद कुठेच सापडत नाही. अ‍ॅमेझॉनने २०११ मध्ये आणलेली 'क्लाउडफॉर्मेशन' सेवा या अडचणीवरचा उपाय होती, आणि रॅकस्पेस व नासा यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅक या मुक्तस्रोत प्रकल्पात 'हीट' हा त्याच वळणाचा घटक २०१३ च्या 'हवाना' आवृत्तीत अधिकृतपणे सामील झाला.

दोहोंच्या मुळाशी टेम्प्लेट, म्हणजे काय हवे ते सांगणारी आणि ते कोणत्या क्रमाने करावे याबद्दल बहुतांशी मौन बाळगणारी मजकूर-फाइल असते. तिच्यात बाहेरून द्यायच्या किमती, म्हणजे पॅरामीटर, हव्या असलेल्या वस्तू, म्हणजे रिसोर्स, आणि उभारणीनंतर परत मिळणारी माहिती, म्हणजे आउटपुट, असे विभाग असतात. सर्व्हरच्या वर्णनात सबनेटचा उल्लेख आला, की सबनेट आधी लागणार हे टेम्प्लेट राबवणारे इंजिन स्वतःच ताडते, अशा उल्लेखांवरून अवलंबित्वाचा आलेख तयार करते, परस्परांवर न विसंबणाऱ्या गोष्टी एकाच वेळी उभारते आणि मोडताना उलट क्रमाने जाते. या सगळ्या रिसोर्सच्या एकत्रित संचाला 'स्टॅक' म्हणतात. मात्र सर्व्हर सुरू झाला म्हणजे त्यावरचा डेटाबेस तयार झाला असे नव्हे. म्हणून सर्व्हरच्या आतून 'झाले' असा संकेत येईपर्यंत पुढचे काम रोखून धरणारी 'वेट कंडिशन' लिहावी लागते, आणि नवशिक्यांच्या टेम्प्लेटमध्ये नेमकी तीच गाळलेली असते.

उभारणी हा या तंत्राचा सोपा भाग. त्याची खरी कसोटी लागते ती चालू स्टॅकमध्ये बदल करताना. काही गुणधर्म जागच्या जागी बदलतात, तर काही बदलले की इंजिन नवी वस्तू उभारून जुनी काढून टाकते: क्लाउडफॉर्मेशनमध्ये सर्व्हरची मूळ प्रतिमा बदलली, तर त्याच्या जागी वेगळाच सर्व्हर येतो. त्याहून फसवा बदल नावाचा. टेम्प्लेटमधल्या डिस्कचे 'डिस्क१' हे नाव नीटनेटकेपणासाठी 'ग्राहक_डेटा' असे केले, तर माणसाला ते बारसे वाटते, पण इंजिनाला एक डिस्क नाहीशी झालेली आणि दुसरी नव्याने मागितलेली दिसते, त्यामुळे ते कोरी डिस्क उभारते आणि भरलेली पुसते. रिसोर्स वगळला तरी मूळ वस्तू राखून ठेवावी असे सांगणारे 'डिलीशन पॉलिसी' हे कलम याचसाठी आहे. ते डेटा बाळगणाऱ्या प्रत्येक रिसोर्सला पहिल्याच दिवशी लावलेले बरे, कारण बदलाची पूर्वतपासणी करण्याची सोय असली तरी घाईत ती पाहतो कोण?

दुसरी गोम हाताने केलेल्या बदलांची. मध्यरात्री बिघाड निस्तरताना कुणी कन्सोलवरून सुरक्षानियम सैल केला आणि सकाळी तेच टेम्प्लेट पुन्हा चालवले, तर क्लाउडफॉर्मेशन नव्या टेम्प्लेटची तुलना आधीच्या टेम्प्लेटशी करते, प्रत्यक्ष स्थितीशी नाही, आणि काहीच बदललेले नाही असे निर्धास्तपणे सांगते. ही तफावत शोधण्याची सोय २०१८ मध्ये आली खरी, परंतु ती टेम्प्लेटमध्ये स्पष्टपणे लिहिलेले गुणधर्मच तपासते, आणि तेही सोय उपलब्ध असलेल्या रिसोर्सपुरतेच. म्हणून ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे आहे, त्या गुणधर्मांच्या किमती मुळातल्याच असल्या तरी फाइलमध्ये उघड मांडाव्या लागतात.