गाडीची वही

ट्रक विकत घेतला म्हणजे ट्रक दारात आला, असे ज्यांनी कधी घेतला नाही त्यांना वाटते. खरे तर दारात येतो तो सांगाडा. नवी गाडी घेतली तर पुष्कळदा चाके, इंजिन, समोरचा तोंडवळा आणि काच एवढेच मिळते. त्याला काउल म्हणतात. मागची केबिन, झोपायची फळी, माल भरायचा हौदा हे सगळे बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायचे. जुनी गाडी घेतली तर सगळे मिळते, पण त्यातले निम्मे कुजलेले असते. आमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. २०१३ सालची दहा चाकी. इंजिन ठणठणीत, टायर बरे, पण केबिनचे लाकूड पावसाने खाल्लेले आणि हौद्याच्या पत्र्याला इतकी भोके की साखरेचे पोते ठेवले तर रस्त्याने मुंग्यांची रांग लागावी.

माझे सासरे सव्वीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर होते. माझे पती अकरा वर्षे. स्वतःची गाडी घरात पहिलीच. निम्मे पैसे बचतीचे आणि माझ्या दोन बांगड्यांचे, निम्मे फायनान्सचे. हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला. गाडी चालो वा उभी राहो, सात तारीख चुकत नाही. त्यामुळे बॉडीवाल्याकडे गाडी लावली त्या दिवसापासून आमच्या घरात एकच हिशेब सुरू झाला, पैसा आधी कुठे घालायचा?

बॉडीवाल्याचे उत्तर तयार होते. त्याने आम्हाला फोटोंचा अल्बम दाखवला. कपाळावर मोठी कमान, तिच्यावर गरुड, बाजूला झालरी, स्टीलचे भोंगे, केबिनमध्ये लाल रेक्झिन आणि आरसे. “वहिनी, गाडी उठून दिसली पाहिजे. माल देणारा आधी तोंड बघतो.” सासरे शेजारी स्टुलावर बसले होते. ते अल्बमकडे न बघता म्हणाले, “सीट दाखव.” सीटचा एकही फोटो अल्बमात नव्हता.

सासऱ्यांची कमर गेलेली आहे. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरची सीट म्हणजे पत्र्याच्या पेटीवर टाकलेली गादी. खाली पाटे कडक, रस्ता खराब, प्रत्येक खड्डा थेट मणक्याला. इंजिन केबिनच्या मधोमध, त्यावर पातळ झाकण. मे महिन्यात चोवीस तास चालवले की डावा पाय इंजिनच्या उष्णतेने भाजून निघायचा. त्यांच्या डाव्या पोटरीची कातडी अजून काळपट आहे. सरकारने २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि मोठ्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. चांगलेच झाले. पण तो नव्या गाड्यांना. रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांतली माणसे आहेत तशीच तापत आहेत.

म्हणून आमच्या गाडीची कमान रद्द झाली. तिच्या पैशात वर-खाली, मागे-पुढे सरकणारी, खाली स्प्रिंग असलेली सीट आली. इंजिनच्या झाकणाखाली उष्णता अडवणारे जाड अस्तर घातले. झाकणाच्या कडेला नवे रबर लावले, कारण गरम हवा आणि धूर त्या फटीतूनच आत येतो. मागची झोपायची फळी सहा फूट लांब आणि तिला एक छोटी सरकती खिडकी. क्लीनरच्या बाजूला बाकड्याऐवजी पाठ असलेली सीट. बॉडीवाला म्हणाला, “क्लीनरला कोण सीट देतं?” सासऱ्यांनी नोकरीची पहिली सहा वर्षे क्लीनरच्या बाकड्यावरच काढली होती. ते काही बोलले नाहीत, मीच म्हणाले, “बिलात लिहा.”

हौद्याच्या बाबतीत मात्र माझे बी.कॉम. कामाला आले. बॉडीवाला खाली चार मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा टाकायचा म्हणत होता. “जाड पत्रा, जन्मभर बघायला नको.” एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड पोलादाचे वजन ७.८५ किलो भरते. आमचा हौदा बावीस फूट लांब, आठ फूट रुंद, म्हणजे सव्वासोळा चौरस मीटरहून थोडा जास्त. चार मिलिमीटरचा पत्रा सुमारे ५१३ किलोचा, तीनचा ३८५ किलोचा. फरक १२८ किलो. चेकर्ड पत्र्यावर नक्षी असते, त्यामुळे दोन्ही वजने थोडी वाढतात, फरक तेवढाच राहतो. हे १२८ किलो प्रत्येक खेपेला आपण फुकट ओढायचे आणि तेवढा माल कमी भरायचा. भाडे टनावर मिळते. महिन्याला आठ खेपा धरल्या तर टनाहून जास्त भाडे पत्र्याच्या जाडीत गेले. दगड, वाळू किंवा लोखंड भरणाऱ्याला जाड पत्रा हवाच. आम्ही कांदा, साखर आणि रद्दी भरतो. आम्हाला तीन पुरतो.

मग त्याने दुसरा सल्ला दिला. मागे एकेक पाटा वाढवा, फाळके फूटभर उंच करा, चार टन जास्त बसेल. असा सल्ला देणारे खूप भेटतात आणि तो ऐकणारेही खूप. पण मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे सांगते की कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही. पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाहीत. ड्रम तेवढेच, लायनर तेवढेच, आणि घाटात वजन चार टन जास्त. आम्ही पाटे होते तेवढेच ठेवले.

ज्यांची गाडी बॉडीवाल्याकडे आहे त्यांनी एक पाहावे. हौदा चेसिसला वेल्डिंगने चिकटवू देऊ नये. चेसिस आणि हौद्याचे चॅनेल यांच्यामध्ये लाकडाची पट्टी हवी आणि दोन्ही यू-बोल्टने आवळलेले हवेत. चेसिस चालताना पिळते, तिला पिळायला जागा लागते. वेल्ड केली की त्याच ठिकाणी पुढे तडा जातो. गाडीवर कुठेही इलेक्ट्रिक वेल्डिंग चालू असेल तर आधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तो एका ठिणगीत बाद होतो.

आता दुकानदारांविषयी. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार म्हणजे नाना पेठ. मुंबईत काढीव माल हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. आमची गाडी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीजवळ उभी असायची आणि मिस्त्री लागेल तो भाग चिठ्ठीवर लिहून द्यायचा. हे दुसऱ्याच्या गाडीवर बदली चालवून दिवसाची मजुरी आणत होते, त्यामुळे चिठ्ठी घेऊन मीच जाऊ लागले.

पहिल्या दिवशी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “ताई, भाऊंना फोन लावून द्या.” मी म्हटले, “भाऊ गाडीवर आहेत, पैसे माझ्याकडे आहेत.” मग तो बोलू लागला, पण कोड्यात. “ओरिजिनल देऊ, ओईएम देऊ, का लोकल?” मी तिन्हींचा अर्थ विचारला. त्याला घाई होती, मागे गर्दी होती. मी बाजूला उभी राहिले आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा विचारले. अशी मी तीन दुकानांत उभी राहिले, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झाले. ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यात येणारा. ओईएम म्हणजे जो कारखाना कंपनीला तो भाग पुरवतो, त्याच्याच नावाच्या डब्यात येणारा. पुष्कळदा माल एकच असतो, डबा वेगळा आणि किंमत कमी. लोकल म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला, त्यात चांगलाही असतो आणि टाकाऊही. आणि चौथा प्रकार कोणी तोंडाने सांगत नाही. तो म्हणजे ओरिजिनलच्या नकली डब्यातला डुप्लिकेट.

त्या चौथ्याची गाठ आम्हाला गाडी रस्त्यावर आल्यावर विसाव्या दिवशी पडली. मागच्या चाकाच्या ब्रेक चेंबरमध्ये रबराचा पडदा असतो, डायफ्रॅम. हवेचा दाब त्या पडद्यावर येतो, पडदा दांड्याला ढकलतो, तेव्हा ब्रेक लागतो. आमचा पडदा नवा, ओरिजिनलच्या भावाने घेतलेला. साताऱ्याहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्याच्या पुढच्या उतारावर ब्रेक दाबला की फस्स असा आवाज येऊ लागला आणि हवेचा काटा उतरू लागला. तो उतार नवले पुलापर्यंत जातो आणि तिथे काय होते ते पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या चिरडत नेल्या होत्या. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर तिथे गाडी न्यूट्रलला टाकतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. मग इंजिनचा आवरही जातो आणि हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. यांना सासऱ्यांची शिस्त, ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. त्या गिअरवरच गाडी कडेला थांबली. हौद्यात सोळा टन कांदा होता.

पडदा मधोमध चिरलेला निघाला. मी तो पिशवीत घालून दुकानात नेला. मालक म्हणाला, “वापरलेला माल परत नाही.” मी पक्के बिल काढले. त्यावर पार्ट नंबर होता, तारीख होती. डबाही जपून ठेवला होता. वजन-मापाच्या नियमांप्रमाणे बंद डब्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. डब्यावरच्या क्रमांकावर मी तिथूनच, काउंटरवर उभी राहून फोन लावला. तो लागलाच नाही. मग कंपनीच्या खऱ्या डब्यावरचा क्रमांक शोधून फोन केला, छापील मजकूर वाचून दाखवला. पलीकडच्या बाईंनी सांगितले की असा डबा आमचा नाही. मालकाने पैसे परत केले. मिस्त्रीची मजुरी आणि बुडालेल्या दोन दिवसांचे भाडे मात्र दिले नाही. ते अजून वहीत येणे बाजूला लिहिलेले आहे, आणि वसूल होईल अशी आशा मला नाही.

पक्क्या बिलाचा हा उपयोग. कच्च्या चिठ्ठीवर माल स्वस्त पडतो, हे खरे. आमच्यासारख्या एका गाडीच्या मालकाला भरलेला जीएसटी परत मिळत नाही, हेही खरे. मग टॅक्स का भरायचा, असे शेजारचे गाडीवाले मला विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा कर सरसकट १८ टक्के झाला, त्याआधी पुष्कळ भागांवर २८ होता. तरीही तो खिशाला जाणवतो. मी तो टॅक्स समजत नाही, भांडायला उभे राहण्याचे भाडे समजते. चिठ्ठी घेऊन गेले असते तर मालकाने मला ओळखलेही नसते.

त्यानंतर आम्ही दुकान बदलले. आता ज्यांच्याकडे जाते ते वयस्कर गृहस्थ नमुना पाहिल्याशिवाय माल देत नाहीत. चिठ्ठीवर नुसते ‘क्लच प्लेट’ लिहिले असेल तर परत पाठवतात. एकाच नावाच्या गाडीत दोन सालांत दोन वेगळे भाग बसतात, बीएस-३ चा वेगळा आणि बीएस-४ चा वेगळा. म्हणून ते चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि जुन्या भागावर कोरलेला क्रमांक, तिन्ही मागतात. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. काढीव माल कुठे चालतो हेही त्यांनीच सांगितले. दरवाजा, काच, बंपर, टूलबॉक्स, डिझेलची टाकी हे खुशाल कुर्ल्याहून आणा. ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, किंगपिन, चाकाचे बेअरिंग आणि स्टड यांत काढीव आणायचे नाही. “भाव करायचा तर आरशावर करा,” असे ते म्हणतात. आरशावर ते स्वतः एक रुपयाही सोडत नाहीत, हा भाग वेगळा.

रंगाचे काम शेवटी आले. पेंटरने वाघ, डोळे, चप्पल असे नमुने दाखवले आणि मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला घेतले. महाराष्ट्रात २०१५ सालीच ते लिहायला बंदी झाली, हे त्याला माहीत असूनही हात आपोआप तिकडे वळतो म्हणाला. आम्ही आधी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावून घेतल्या, मागे लाल, बाजूला पिवळ्या, पुढे पांढऱ्या. मागून दुचाकी खाली घुसू नये म्हणून मागचा आडवा बार नवा बसवला. राहिलेल्या जागेत काय लिहायचे हे सासऱ्यांना विचारले. सव्वीस वर्षांत त्यांनी चालवलेल्या गाड्यांवर मालकांच्या देवांची आणि मुलांची नावे होती. ते दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी समोर काचेच्या वर निळ्या रंगात ‘जय भीम’ आणि क्लीनरच्या बाजूच्या दारावर दोन्ही नातींची नावे लिहून घेतली. धाकटीच्या नावात पेंटरने वेलांटी चुकवली होती. ती स्वतः खडू घेऊन गेली आणि दुरुस्त करून आली.

गाडीला आता चौदा महिने झाले. पाच हप्ते उशिरा गेले, एकही बुडाला नाही. सीटचे स्प्रिंग एकदा बदलले. हे म्हणतात, रात्रीच्या खेपेनंतर आता सकाळी उतरताना दाराला धरून उभे राहावे लागत नाही. क्लच थोडा घसरतोय, तो पावसाळ्याआधी करायचा. प्लेटवरचा नंबर मिस्त्रीकडून लिहून घेतला आहे. सोमवारी मोठीची शाळा सुटली की तिलाही नाना पेठेत नेणार आहे. चेसिस नंबर तिला तोंडपाठ आहे.